बारा वर्षांचा बाप

मार्च लागला की आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये एक कागद चिकटतो. 'दहावी-बारावीच्या परीक्षा सुरू आहेत. टीव्हीचा आवाज कमी ठेवावा.' त्याखाली दरवर्षी कोणीतरी पेनाने भर घालतं, 'आणि जोशीकाकूंनी दुपारी मिक्सर लावू नये.' मग जोशीकाकू तो कागद फाडतात, सेक्रेटरी नवा लावतात, आणि परीक्षा संपेपर्यंत हे असंच चालू राहतं. मुलुंडमध्ये वसंत आल्याची याहून खात्रीची खूण मला तरी माहीत नाही. मागच्या गल्लीतल्या आंब्यावर एक कोकीळ आहे म्हणा, पण तो उजाडायच्या आधीच सुरू होतो आणि त्याला अजून कोणी कागद दाखवलेला नाही.

मला हा मोसम मनापासून आवडतो. माझ्या वयाच्या बायका सांगतात की त्यांना अजून स्वप्नात कोरा पेपर दिसतो, घाम फुटतो, जाग येते. मला कधी असलं स्वप्न पडलं नाही. मार्चची ती कोरडी, पांढरी दुपार सुरू झाली, कैरीवाल्याच्या गाडीवर तिखट-मीठ दिसायला लागलं, रस्त्यात हातात पारदर्शक पाऊच घेतलेली घाबरीघुबरी पोरं आणि त्यांच्याहून घाबरलेल्या आया दिसल्या, की मला आपलं हसू फुटतं. कारण बोर्डाची दहावीची परीक्षा मी दोनदा लिहिली आहे. नापास होऊन नव्हे. एकदा माझी मी लिहिली. आणि त्याच्या आदल्या वर्षी, नववीत असताना, शुभाची.

शुभाला दिसत नाही, जन्मापासून. अशा मुलांना परीक्षेत लेखनिक मिळतो, आम्ही पोरी त्याला 'रायटर' म्हणायचो. रायटरने प्रश्न वाचून दाखवायचा, परीक्षा देणाऱ्याने उत्तर सांगायचं, रायटरने ते जसंच्या तसं उतरवायचं. रायटर खालच्या वर्गातला हवा असा नियम. म्हणजे त्याला वरच्या वर्गाचं काही येतच नसणार, अशी एक भाबडी समजूत त्यामागे असावी.

आमची शाळा भांडुपला, टेकडीच्या पायथ्याशी. आम्ही टेकडीवर चाळीत राहायचो. घराघरातून मालवणी, चढावर धापा टाकत येणारे पाहुणे आणि प्रत्येक दारात एक तरी निळं पिंप, असा तो सगळा मुलूख. शाळेत वर्गांना नंबर होते, पण मुलांना नंबरांनी कोणी ओळखायचं नाही. 'ती गिरणीवाल्या गावड्यांची बडबडी मीनल', एवढं सांगितलं की शिपाईसुद्धा बरोबर माझ्या वर्गात घेऊन यायचा. वडिलांची गिरणी केव्हाच बंद पडली होती, ते एका बँकेच्या दारात वॉचमन होते, पण नाव गिरणीचंच राहिलं. आणि बडबडी हे तर खरंच होतं. मी झोपेतही बोलायचे. वर्गात तर बोलायचेच.

शुभा आठवीत आमच्या शाळेत आली, माझ्या एक वर्ष पुढे. अंध म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर एक गरीब बिचारी मूर्ती येते. शुभाला एकदा भेटा म्हणजे ती मूर्ती तुमच्या डोळ्यांसमोरून कायमची जाईल. तिच्या जिभेला धार होती. वेणीच्या रिबिनी बरोबर एका उंचीवर आहेत की नाहीत हे ती दहा जणींना विचारायची आणि दहाही जणींवर विश्वास ठेवायची नाही. कोणी दया दाखवायला हात धरला की म्हणायची, "तुला रस्ता दिसत नाहीये का? धर, धर, नेते मी तुला."

तर झालं असं, की दहावीच्या सहामाहीत शुभाला विज्ञानात चांगले मार्क पडले. आणि शिक्षकांच्या खोलीबाहेर कोणीतरी कोणालातरी म्हणालं, "रायटर हुशार मिळाली होती, पडणारच." लोकांना वाटतं, ज्याला दिसत नाही त्याला ऐकूही येत नाही. शुभा खांबाच्या पलीकडे उभी होती. ती तशीच साटम बाईंकडे गेली आणि म्हणाली, "बाई, बोर्डाला मला शाळेतली सगळ्यात ढ मुलगी द्या."

साटम बाई आम्हाला मराठी आणि भूगोल शिकवायच्या. बुटक्या, खणखणीत आवाजाच्या, पदर कमरेला खोचलेला. त्या वर्गात आल्या की आम्ही खाडकन उभ्या राहायचो, आणि त्या 'बसा' म्हणेपर्यंत पंख्याचीसुद्धा फिरायची हिंमत नसायची. त्यांनी शुभाचं म्हणणं ऐकून घेतलं. "ढ मुलगी तुझं बरोबर असलेलंही चुकवून ठेवील," त्या म्हणाल्या. "तुला ढ नको. तुला गप्प बसणारी पाहिजे." आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी निवडलं कोणाला, तर मला.

सगळी शाळा हसली. मीही हसले. शुभा तर संतापलीच. "बाई, ही? हिला ट्यूशन लावली तरी गप्प बसणार नाही!" बाई म्हणाल्या, "गप्प मुलींच्या पोटात काय चाललंय ते मला कळत नाही. हिचं सगळं तोंडावर असतं. तोंडावर असलेलं पुसता येतं." आज मला यात केवढं शहाणपण दिसतं. तेव्हा मला वाटलं होतं, माझं अक्षर चांगलं आहे म्हणून.

मग सुरू झाली माझी शिकवणी. थंडी संपता संपता, शाळा सुटल्यावर, पत्र्याच्या छपराच्या प्रयोगशाळेत. तिथला वास मला अजून ओळखू येईल. स्पिरिटचा, जुन्या लाकडाचा आणि खिडकीतून येणाऱ्या, जवळच्याच बेकरीतल्या गरम पावांचा. बाई दारातच अडवायच्या. "चपला बाहेर. डोकंही बाहेर, चपलांजवळ. आत फक्त हात आणायचा."

आणि मग त्या सांगायला लागायच्या. मुद्दाम, ठरवून, एकाहून एक चुकीचं.

"लिही. कोकणात ऊस अतिशय मुबलक पिकतो."

"बाई, भात!"

"मी तुला विचारलं?"

"नाही बाई."

"मग खोड ते भात. ऊस लिही. लिही पुढे. सह्याद्री पर्वत मुंबईच्या पश्चिमेला आहे."

"बाई, पश्चिमेला समुद्र आहे! मढला जा की, दिसेल!"

"गावडे, सह्याद्री बुडाला तर बुडू दे. तू लिही."

माझी अवस्था काय व्हायची ते सांगून कळणार नाही. तोंडात गरम बटाटा धरून गप्प राहायचं, तसं. पहिल्या दिवशी मी चार ओळीही न बोलता लिहू शकले नाही. दुसऱ्या दिवशी बोलले नाही, पण 'हं' केलं. बाईंनी तो 'हं'सुद्धा पकडला. 'हं' बंद झाला तर माझा श्वास पकडला. "चुकीचं आलं की तू श्वास जोरात सोडतेस. शुभाला तो ऐकू येतो. तिच्यासाठी तो नुसता वारा नाही, सूचना आहे सूचना!" शेवटी त्यांनी माझं वाचणंही पकडलं. सोपा प्रश्न असला की म्हणे माझ्या आवाजात साखर यायची आणि अवघड असला की सुतक. तेव्हा सगळे प्रश्न एकाच सुरात, बातम्या दिल्यासारखे वाचायचे.

शुभा समोर बाकावर बसून पोट धरून हसत असायची. मी रडकुंडीला आले की म्हणायची, "बाई, तिला थोडा वेळ बोलू द्या ना, फुटेल ती." मग बाई घड्याळ बघून मला बोलायची सुट्टी द्यायच्या. मी सह्याद्री जागेवर ठेवायचे, उसाच्या जागी भात लावायचे, आणि मगच घरी जायचे.

घरी आईचा वेगळाच सूर. "गो, दुसऱ्याचो पेपर लिवतलंस, मगे तुझो अभ्यास कोण करतलो?" पण शुभा घरी आली की तिच्या हातावर आधी खोबऱ्याची वडी पडायची, नंतर माझ्या.

रविवारी परब सरांचं घर. सर गणिताचे. शुभाला आकृत्यांची सूट होती, पण सर म्हणायचे, "सूट पेपरात घे. डोक्यात कशाला घेतेस?" ते ताटात रवा पसरायचे आणि तिचं बोट धरून त्यात वर्तुळ काढायचे, स्पर्शिका काढायचे, त्रिकोण काढायचे. त्रिकोण चुकला की ताट हलवायचं, रवा पुन्हा सपाट. सरांच्या बायको स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "आज शिरा होणार आहे का वर्तुळंच?" आणि तास संपला की त्याच रव्याचा शिरा व्हायचा. पायथागोरस मी असा, केळं घातलेला, गरम गरम खाल्लेला आहे. शुभाबरोबर बसून बसून मला दहावीचं गणित नववीतच यायला लागलं, ही त्यातली पंचाईत. बोर्डाची समजूत आणखी एकदा खोटी ठरली.

हे सगळं गमतीचं वाटतं खरं, पण गंमत नव्हती. शुभाच्या घरी तिच्या काकांचा शब्द चालायचा, आणि काकांनी सांगून ठेवलं होतं, "पास झाली तर शिकू दे. नापास झाली तर मेणबत्त्या करायच्या वर्गाला घालू, हाताला काम तरी लागेल." मेणबत्त्या करण्यात वाईट काही नाही. पण शुभाला मास्तरीण व्हायचं होतं. लहानपणापासून ती घरातल्या उशा ओळीने मांडून त्यांना शिकवायची, आणि न बोलणाऱ्या उशांना छडीही द्यायची. बाकी विषयांची तिला भीती नव्हती. गणितात मात्र सहामाहीला ती नापास होती. म्हणजे तिला पास तर व्हायचंच होतं, आणि तेही असं, की रायटरने केलं म्हणायची कोणाची छाती होऊ नये. या दोन गोष्टी एकत्र मागणं म्हणजे केवढं मागणं आहे, हे मला त्या वेळी कळलं नव्हतं. बाईंना कळलं होतं, म्हणूनच त्या माझ्या श्वासाच्या मागे लागल्या होत्या.

शिमगा झाला. चाळीत रंगांचे डाग तसेच राहिले, आणि कानामागे गुलाबी रंग घेऊन आम्ही परीक्षेला गेलो. केंद्र घाटकोपरच्या एका शाळेत आलं होतं. आम्हाला वेगळी खोली मिळाली, तळमजल्यावरची, बहुतेक चित्रकलेची. भिंतीवर फळांची चित्रं होती. शुभाने विचारलं, "काय आहे भिंतीवर?" मी सांगितलं, "सफरचंद. आणि एक पपई, पण ती दुधी भोपळ्यासारखी झालीय." पर्यवेक्षक बाईंनी डोळे वटारले. त्यानंतर प्रश्न वाचण्यापलीकडे मी एक अक्षर बोलले नाही. माझी आई म्हणते, तिला आयुष्यात माझा एवढाच अभिमान वाटला.

भाषेचे पेपर झकास गेले. शुभा निबंध सांगायची तो ऐकत राहावासा वाटायचा. मी लिहिता लिहिता मनात म्हणायचे, वा! आणि तो 'वा'सुद्धा नाकातून बाहेर पडू द्यायचे नाही.

मग बीजगणिताचा पेपर. सुरुवात बरी झाली. शुभा बोलायची, "कंस उघडा, एक्स अधिक तीन, कंस बंद," मी लिहायचे. अर्ध्यावर वयाचं गणित आलं. वडिलांचं वय मुलाच्या वयाच्या तिपटीपेक्षा चार वर्षांनी जास्त आहे, दोघांच्या वयांची बेरीज बावन्न, तर प्रत्येकाचं वय काढा. शुभाला हे गणित तोंडपाठ. तिने वडिलांना एक्स धरलं, मुलाला वाय धरलं, समीकरणं मांडली, घोड्यावर बसल्यासारखी सोडवत गेली, आणि धापा टाकत शेवटी म्हणाली, "लिही. म्हणून वडिलांचं वय बारा वर्षे आणि मुलाचं वय चाळीस वर्षे."

काय वाटलं असेल मला, कल्पना करा. सगळी वाट बरोबर चालून पोरगी दारात येऊन शेजारच्या घरात शिरली होती! समोर बारा वर्षांचा बाप उभा होता, अर्ध्या चड्डीत, आणि शेजारी त्याचा चाळीस वर्षांचा मुलगा, टक्कल पडत चाललेला. मला हसूही येत होतं आणि रडूही. हे गणित गेलं तर ती नापास होईल, हे मला कळत होतं. सांगायला एक शब्द पुरला असता. शब्दही नको, नुसता 'हं' पुरला असता. पर्यवेक्षक बाई खिडकीबाहेर बघत होत्या. मी श्वास धरून ठेवला. माझा हात थबकला. आणि मग मी लिहिलं, स्वच्छ, गोल अक्षरात, वडिलांचं वय बारा वर्षे. शुभा क्षणभर गप्प होती. मग म्हणाली, "पुढचा प्रश्न वाच." मी बातम्यांच्या सुरात पुढचा प्रश्न वाचला.

पेपर सुटल्यावर शुभाला तिच्या आईच्या हवाली करून मी लोकलने भांडुपला आले आणि धावत शाळेत गेले. साटम बाई पेपर तपासत बसल्या होत्या. मी दारातच भोकाड पसरलं. "बाई, बारा वर्षांचा बाप! बाई, ती नापास होणार! बाई, मी काही बोलले नाही!"

बाईंना आधी काहीच कळेना. कळलं तेव्हा त्यांना इतकं हसू आलं की पदर तोंडात कोंबावा लागला. मग डोळे पुसून त्यांनी मला जवळ बसवलं. "आणि तू काय लिहिलंस?"

"बारा."

"मग पास होऊ दे नाहीतर नापास. पेपर तिचा आहे." एवढं म्हणून त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. बाईंचा हात कोणा विद्यार्थिनीच्या डोक्यावर आलेला मी तोवर पाहिला नव्हता.

माझी नववीची परीक्षा कशी झाली ते विचारू नका. सगळी सुट्टी मी मनातल्या मनात मार्क मोजत होते. गावी गेले तर फणस खाताना मार्क, विहिरीवर मार्क. शुभाला मी काही सांगितलं नाही. सांगून काय करणार होती ती? बोटांनी वेणीला पीळ घालत बसली असती. मला वाटायचं, तिला कळलेलंच नाही, तर कशाला कळवा.

जूनमध्ये निकाल लागला. शुभा पास. भाषेत, इतिहासात छान मार्क, आणि गणितात अगदी काठावर. तिच्या काकांनी कागद दोनदा बघितला आणि म्हणाले, "गणितात काठावरच आहे की." शुभा म्हणाली, "असू दे. काठ माझा आहे." आणि पेढे वाटायला निघाली. तेव्हा मी तिला बारा वर्षांच्या बापाची गोष्ट सांगितली. ती रस्त्यात बसून हसली. परब सरांनी तर पुढे किती वर्षं ते गणित वर्गात सांगितलं. शेवटी उत्तर विचारायचे, आणि सगळा वर्ग ओरडायचा, "बाप बारा वर्षांचा!"

शुभा खरंच मास्तरीण झाली. घाटकोपरला एका शाळेत मराठी शिकवते, आणि ऐकते ते असं, की शेवटच्या बाकावर कोणी चॉकलेटचा कागद उघडला तरी त्याचं नाव घेते. मी काय झाले? मी एका डॉक्टरांच्या दवाखान्यात काम करते. आलेल्या पेशंटला काय होतंय ते विचारून कागदावर लिहून घ्यायचं, म्हणजे डॉक्टरांना आयतं मिळतं. माझ्या आधीची मुलगी पेशंट अर्धं बोलेपर्यंत 'ॲसिडिटी' लिहून मोकळी व्हायची. माझ्याकडून ते होतच नाही. परवा एक आजी म्हणाल्या, "मुंग्या नाहीत गं येत पायाला, मुंगळे येतात. आणि डाव्याच पायाला." मी लिहिलं, मुंगळे, डावाच पाय. डॉक्टर आधी हसले, मग त्यांनी आजींना पलंगावर झोपवून नीट तपासलं आणि म्हणाले, "बरं झालं लिहिलंत." मी एरवी अजूनही बडबडीच आहे, नवऱ्याला विचारा. पण समोरचा माणूस त्याचं काही सांगायला लागला की माझं डोकं आपोआप बाहेर जाऊन चपलांजवळ बसतं. मी त्याचं वाक्य पुरं करत नाही. त्याचं दुखणं, त्याचा शब्द. आयुष्यात मला शिक्षक पुष्कळ मिळाले, त्यांनी माझ्या डोक्यात काय काय भरलं. साटम बाई एकट्याच, ज्यांनी ते योग्य वेळी रिकामं करायला शिकवलं. किती जड असतं ते काम, हे जो करतो त्यालाच ठाऊक.

दर मार्चमध्ये मी आणि शुभा बाईंकडे जातो. बाई अजून भांडुपलाच आहेत, लेकाकडे, नव्या उंच बिल्डिंगमध्ये. गुडघ्यांनी असहकार पुकारलाय, त्यामुळे त्या खिडकीजवळच्या खुर्चीतून सहसा उठत नाहीत. पाणी, चष्मा, औषध, सगळं तिथेच. आवाज मात्र तोच. या वर्षीही गेलो. चहा आला, कांदेपोहे आले. आणि मी दरवर्षीप्रमाणे बारा वर्षांच्या बापाची गोष्ट सुरू केली. आता ती गोष्ट बरीच फुगली आहे. बापाच्या अंगात शाळेचा गणवेश आलाय, मुलगा त्याला सोडायला शाळेत जातो, डबा देतो. बाई हसत होत्या. मी शेवटाला आले, "आणि या बाईसाहेबांना पत्ताच नाही! निकाल लागेपर्यंत पत्ता नाही!"

"होता," शुभा म्हणाली.

"काय होता?"

"पत्ता. मला तेव्हाच कळलं होतं, वर्गातच."

मी पोह्यांचा घास तसाच धरून बसले. शुभा बशी चाचपून कप ठेवत म्हणाली, "माझ्या शाळेत या वर्षी एक अंध मुलगा दहावीला आहे. काल त्याच्या रायटरला शिकवत होते. तेव्हा वाटलं, अरे, हे मीनलला कधी सांगितलंच नाही आपण. अगं, तुझं पेन थांबलं होतं. सगळा पेपर ते खरखर चालत होतं. मी 'चाळीस वर्षे' म्हटलं आणि आवाज बंद. म्हटलं, चुकलंय काहीतरी. मनात परत म्हणून बघितलं, तर बाप बारा वर्षांचा."

"मग बदललं का नाहीस?" मी जवळजवळ ओरडलेच. "वेळ होता! बोलायचं होतंस, खोड म्हणून! नापास झाली असतीस तर?"

"झाले असते तर झाले असते. ऑक्टोबरला पुन्हा बसले असते, नाहीतर काकांच्या मेणबत्त्या होत्याच." ती अगदी सहज बोलत होती. "पण ती चूक मला माझी मला सापडली नव्हती ना. तुझ्या पेनाने सांगितली. ते मार्क घेतले असते, आणि उद्या कोणी म्हटलं असतं की रायटरने पास केली, तर मला तोंड वर करून नाही म्हणता आलं नसतं. आता कोणाहीसमोर म्हणते."

खाली रस्त्यावर पेपर सुटल्याचा कलकलाट चालला होता. सोळा वर्षांची होती ती तेव्हा. मेणबत्त्या आणि शाळा यांच्यामध्ये ते एक गणित होतं, आणि तिने ते हातातून सोडून दिलं. आणि मी इतकी वर्षं पेढे वाटताना, लग्नांत, बारशांत, तिच्यासमोर ती गोष्ट सांगत होते, तिला काही कळलं नाही म्हणून. तिने मला एकदाही थांबवलं नाही. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात बाईंचा आवाज आला. तोच, पंखा थांबवणारा.

"गावडे. पेन थांबवलंस तू?"

"हो बाई."

"उभी राहा."

आणि मी, दोन मुलांची आई, पोह्यांची बशी हातात घेऊन उभी राहिले. शुभा फिस्सकन हसली. मी म्हटलं, "पण बाई, तुम्ही तोंडाचं शिकवलंत, श्वासाचं शिकवलंत. पेनाचं कुठे शिकवलंत?"

"नाही शिकवलं," बाई म्हणाल्या. "मला सुचलंच नाही ते." मग त्या शुभाकडे बघत राहिल्या. त्यांनी चष्मा काढून खिडकीत ठेवला, खुर्चीच्या दोन्ही हातांवर जोर दिला आणि उठायला लागल्या. मी पुढे झाले तर मला हातानेच थांबवलं. एक गुडघा, मग दुसरा. खुर्ची कुरकुरली.

"कोण उठलं?" शुभाने मान वळवली. "मीनल, काय चाललंय?"

मी कसंबसं म्हटलं, "बाई उभ्या राहिल्यात."

"बाई, तुम्ही कशाला? गुडघे तुमचे! शिक्षा हिला झालीय ना?"

"शिक्षा हिलाच आहे," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच थोडा हलला. "मी तुझ्यासाठी उभी आहे, शुभा."

शुभाचं हसू थांबलं. तिने कप बाजूला सारला, खुर्ची मागे ढकलली, आणि साडी सारखी करून ताठ उभी राहिली, वर्गात राहायची तशी. बाई समोर उभ्या असताना ती बसणार कशी? आणि ती उभी असताना बाई बसायला तयार नव्हत्या. आत चहाचं दुसरं आधण उकळून वर आलं होतं, सूनबाई दारात येऊन बघत राहिली होती, आणि आता 'बसा' कोणी म्हणायचं, हे आम्हा तिघींनाही कळेना.